'भाडोत्री' या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इंग्लंडचा रग्बीपटू जॉनी विल्किन्सन याच्या फ्रान्समधील पाच वर्षांवर मी लिहिलेल्या लेखाला आपण 'पैशासाठी देश सोडणाऱ्या भाडोत्री खेळाडूची आरती' म्हटलेत आणि रग्बीतले ओ की ठो न कळणाऱ्यांनी लिहू नये, असा सल्लाही दिलात. आपण दाखवलेली एक चूक मान्य आहे: युरोपातील रग्बी क्लबांच्या हाइनेकेन चषकाचा २०१३ चा अंतिम सामना कार्डिफला नव्हे, डब्लिनला झाला, कार्डिफचा सामना पुढच्या वर्षीचा. दुरुस्ती केली आहे.

मात्र 'देश सोडला' हे आपण कशाच्या आधारे लिहिलेत? २००३ मध्ये सिडनीत शेवटच्या क्षणी उजव्या पायाने ड्रॉप गोल (खेळ चालू असतानाच खांबांमधून मारलेली किक) मारून इंग्लंडला विश्वचषक मिळवून देणारा हा माणूस त्यानंतर दुखापतींमुळे तीन वर्षांहून अधिक काळ राष्ट्रीय संघाबाहेर राहिला, तरी न्यूकासल हा आपला इंग्लिश क्लब सोडून कुठे गेला नाही. २००९ मध्ये, तिशीत पोहोचल्यावर, तो तुलाँ या फ्रेंच क्लबकडे गेला, आणि तिथे असतानाही २०११ च्या विश्वचषकापर्यंत इंग्लंडकडून खेळत राहिला. डब्लिनच्या अंतिम सामन्यात तुलाँविरुद्ध क्लेरमाँ हा दुसरा फ्रेंच क्लब १५-६ ने पुढे होता. विल्किन्सनच्या पेनल्टीने १५-९ झाले, मग तुलाँच्याच आर्मिटेजची ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले पाच गुण), आणि तळवे एकमेकांत गुंफून, कमरेत किंचित वाकून, खांबांकडे पाहत विल्किन्सनने मारलेल्या कन्व्हर्जनने (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) १६-१५. पगारासाठी पाट्या टाकणारा असा खेळत नाही, हे समजायला रग्बीचे पदवीधर व्हावे लागत नाही.

राहिला पैसा. मी स्वतः चौदा वर्षे मस्कतला नोकरी केली. सुट्टीत गावी आलो की ओटीवर चहाचा कप हातात देण्याआधीच कोणीतरी विचारी, "महिन्याला किती सुटतात?" आईच्या शस्त्रक्रियेचे पैसे त्याच पगारातून गेले, तेव्हा मात्र मला कोणी भाडोत्री म्हटले नाही. त्यामुळे हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. आणि तो आपण इतक्या सहज वापरलात, यावरून आपण घर सोडून कधी कमवायला गेला नसाल असे वाटते.

इंग्लिश क्लबांची वेतनमर्यादा, तरुण खेळाडूंच्या जागा वगैरे आपले उरलेले चार मुद्दे वाचले. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. पुढच्या वेळी टोपणनावाऐवजी स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे उत्तर देताना मलाही शब्द जपून वापरता येतील.