‘नापासांचे लाड’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार. मागच्या लेखात मी अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजात मागं पडलेल्या पोरांना अ‍ॅकॅडेमिक प्रोबेशनवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या सक्त देखरेखीवर, कसं ठेवतात ते लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे निव्वळ नापासांचे लाड, आमच्या वेळी फेल झालं की मुकाट सहा महिने ऑड बॅचमध्ये, म्हणजे नापासांच्या वेगळ्या बॅचमध्ये, बसायचं आणि त्यातूनच डॉक्टर घडले, आणि वर विचारलंय की स्वतःच्या नातवाचं ऑपरेशन मी असल्या प्रोबेशनवाल्याकडून करून घेईन का. बरं वाटलं हो, एरवी ‘छान लेख’च्या पुढं इथं कुणी जात नाही.

पण लाड कुठं दिसले तुम्हाला? ते प्रोबेशनचं पत्र कसं असतं बघा. अमुक कोर्समध्ये फेल, म्हणून अमुक टर्मपर्यंत प्रोबेशन, तेवढ्यात हे हे पास करायचं, अ‍ॅडव्हायझरला ठरल्या वेळी भेटायचं, पुन्हा घसरलात तर प्रमोशन कमिटी वर्ष रिपीट करायला लावेल नाहीतर काढून टाकेल. पुष्कळ कॉलेजांत तोवर विद्यार्थी संघटनेतलं पद वगैरेही बंद. सरकारी लोन असेल तर प्रगती समाधानकारक आहे का हे वेगळं तपासतात, ते गेलं तर फी कुठून भरणार? आणि रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगसाठी, डीनचं जे पत्र जातं त्यात कॉलेजनं केलेली कारवाई लिहावी लागते, पुढं कित्येक राज्यांच्या लायसन्सच्या फॉर्मवरसुद्धा ‘कधी प्रोबेशनवर होतात का’ हा प्रश्न असतोच. आपल्याकडे सप्लीत (पुरवणी परीक्षेत) निघालेल्याला प्रॅक्टिस सुरू केल्यावर कोण विचारतं, सांगा बरं.

तुम्हाला पेशंटची काळजी आहे, मलाही आहे, म्हणून ती मिसूरीची केस सांगतो जी मागच्या लेखात जागेअभावी राहिली. होरोविट्झ नावाची विद्यार्थिनी, लेखी परीक्षेत चांगली हुशार, पण क्लिनिकलला, म्हणजे पेशंटसमोरच्या कामात, त्यातही पेडियाट्रिक्समध्ये (बालरोगात), शिक्षक नाखूश, वेळ पाळत नाही, स्वच्छता नाही अशा तक्रारी. तिला प्रोबेशनवर शेवटच्या वर्षात घेतलं, तरी सुधारणा दिसेना, मग तिला खरंच किती येतं ते तपासायला ७ बाहेरच्या प्रॅक्टिसिंग डॉक्टरांकडे पाठवलं. दोघं म्हणाले वेळेवर पदवी द्या, दोघं म्हणाले ताबडतोब काढा, आणि उरलेले तिघं म्हणाले आत्ता पदवी नको, प्रोबेशनवरच ठेवा. शेवटी काढलं. केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, १९७८ मध्ये कोर्टानं कॉलेजच्या बाजूनं निकाल दिला, की पुरेशी सूचना दिली होती, शिक्षकांनी विचार करून ठरवलं, अभ्यासाच्या बाबतीत कोर्टासारखी सुनावणी लागत नाही. आता मला सांगा, हीच मुलगी आपल्याकडे असती तर? थिअरीत मार्क भरपूर, प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर एखादी केस नीट सांगितली की झाली डॉक्टर.

आपल्याकडे दोर लांब आहे आणि शेवटी एकदम तुटतो, माझी तक्रार एवढीच आहे. एमबीबीएसच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे फर्स्ट प्रॉफला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या परीक्षेला, जास्तीत जास्त ४ चान्स, सगळा कोर्स अ‍ॅडमिशनपासून ९ वर्षांच्या आत, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी. कडक आहे, मान्य. पण पहिल्या आणि चौथ्या चान्सच्या मधे त्या पोराला कोण विचारतं की बाबा तुझं नेमकं अडतंय कुठं? २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात मेंटर आलाय, मागं पडलेल्यांसाठी रेमेडियल शिकवणी आलीय, पण मेंटरची सही लॉगबुकात असते आणि मेंटर ओपीडीत.

इथं ग्वाल्हेरला माझ्याकडे संध्याकाळी फिजिऑलॉजी विचारायला पोरं येतात, थोडी शहरातल्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांतली, बाकी भिंड-मुरैनाकडची हिंदी मीडियमवाली. त्यातल्या एकाला मी कागदावर ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, काढायला सांगितला (अ‍ॅनाटॉमी माझा विषय नाही, पण व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, भीती विषय बघून येत नाही), पठ्ठ्यानं रूट्स, ट्रंक्स, डिव्हिजन्स, कॉर्ड्स, सगळं न अडखळता काढलं, मस्क्युलोक्युटेनियसचा फाटासुद्धा बरोबर. मग म्हटलं आता हेच इंग्लिशमध्ये सांग, तर तोंड मिटलं, कानाच्या पाळ्या लाल. कॉलेजात त्याची नोंद काय, तर कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेत कमी, डिटेन्ड (म्हणजे परीक्षेला बसायचं नाही), नोटिस बोर्डावर रोल नंबर. मध्य प्रदेश सरकारनं २०२२ मध्ये पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं काढली ते चांगलंच केलं, पण समोर बसून ‘तुला येतंय, बोलता येत नाहीये’ हे कुणीतरी ओळखायला लागतं ना! ज्याला खरंच येत नाही आणि ज्याला बोलता येत नाही, दोघांना एकाच यादीत टाकून काय मिळतं?

एका गोष्टीत मात्र तुमच्यासारखीच मलाही शंका आहे. तो प्रोबेशनचा डाग कायमचा कागदावर राहतो म्हणून तिकडचीही पोरं अडचण लपवतात, डिप्रेशन असो, घरचं काही असो, कमिटीपुढं जाईपर्यंत बोलतच नाहीत. तेव्हा तिकडची पद्धत जशीच्या तशी उचला असं मी कुठंही म्हटलेलं नाही, लेख परत बघा.

आणि नातवाचं ऑपरेशन. करून घेईन, बेलाशक. ज्याची चूक विद्यार्थी असतानाच पकडली, लिहून दिली आणि सुधारली का हे परत तपासलं, तो मला चालेल. सर्जनकडे जाताना त्यानं किती चान्समध्ये फर्स्ट प्रॉफ काढलं हे तुम्ही तरी कधी विचारलंय का?

तुम्ही रिटायर झालात आणि इथंच ग्वाल्हेरात मुरारला राहता असं लिहिलंय. इथल्या पोरांना सर्जरीचा व्हायव्हा घेणारं कुणी नाही, रविवारी सकाळी या की, हवं तेवढं रागवा त्यांच्यावर, फक्त पहिले दोन प्रश्न हिंदीत विचारा.