खात्री नेमकी कोणाची?

यंदा द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी, एक इंग्रजी पत्र तपासून घ्यायला माझ्या घरी आला होता. नेदरलँड्समधल्या खरेदीदाराला त्याला कळवायचे होते की आपला माल तिकडच्या निकषांत बसणारा आहे. स्पेलिंगच्या चुका जवळजवळ नव्हत्या. मात्र अकरा ओळींत ‘शुअर’ तीनदा, ‘डेफिनेटली’ दोनदा आणि ‘हंड्रेड पर्सेंट’ एकदा आले होते. रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे द्राक्षांत फवारणीच्या औषधांचा अंश किती उरला याचा तपासणी अहवाल, आला का, असे मी विचारले. “सर, सँपल दिलेत, रिपोर्ट चार-पाच दिवसांत येईल. पण माल एक नंबर आहे, काळजीच नाही,” तो म्हणाला.

त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण नाशिकमध्ये वीसहून अधिक वर्षे इंग्रजी शिकवताना जी गोष्ट मला सतत खुपत आली आहे, ती त्या पत्रात एकवटलेली दिसली. शुअर, सर्टन, कॉन्फिडन्ट आणि रिलायबल हे चारही शब्द आपण ‘खात्री’ या एकाच खुंटीला टांगतो आणि मग त्यांतला जो कानाला वजनदार वाटेल तो उचलतो. खरे तर हे शब्द निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा: ही खात्री कोणाची आहे? बोलणाऱ्याच्या मनातली, की ज्या गोष्टीविषयी बोलतो त्या गोष्टीतली?

‘कॉन्फिडन्ट’ फक्त माणूस असतो; ती त्याच्या मनाची अवस्था आहे. ‘रिलायबल’ ही मात्र वस्तूची, माहितीची किंवा माणसाची पुन्हा पुन्हा अनुभवाला आलेली कमाई आहे आणि ती दुसऱ्याने मान्य करायची असते. ‘सर्टन’ दोन्हीकडे चालतो: मी सर्टन असू शकतो आणि एखादी घटनाही सर्टन असू शकते. म्हणूनच ‘इट इज सर्टन दॅट’ हे चांगले इंग्रजी आहे आणि ‘इट इज शुअर दॅट’ कानाला खटकते. त्याहून बारीक फरक ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ आणि ‘ही इज शुअर टू विन’ यांत आहे. पहिल्या वाक्यात खात्री त्या खेळाडूला आहे, तर दुसऱ्यात ती माझी आहे आणि खेळाडू स्वतः भेदरलेलाही असू शकेल. मराठीत आपण हा फरक सहज करतो: ‘त्याला जिंकण्याची खात्री आहे’ आणि ‘तो नक्की जिंकेल’. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवले की मुलांना क्षणात उमगते, तरीही शिकवताना आपण मराठीला दाराबाहेर उभे करतो, याचे मला वाईट वाटते.

या शब्दांची मुळेही बोलकी आहेत. ‘शुअर’ लॅटिनमधल्या ‘सेक्युरुस’ या शब्दातून फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ काळजी नसलेला. माझा विद्यार्थी ‘काळजीच नाही’ म्हणाला तेव्हा त्याने नकळत त्या शब्दाचे अचूक भाषांतर केले होते! ‘सर्टन’च्या मुळाशी मात्र चाळणे, वेगळे करणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे, म्हणजे पाखडून, निवडून जे ठरले ते. ‘कॉन्फिडन्ट’मध्ये श्रद्धा आहे, भरवसा आहे.

‘रिलायबल’ म्हणजे बरोबर, असाही एक समज आहे. लिलावातला एखादा काटा दर वेळी नेमके दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर मोजमापशास्त्राच्या भाषेत तो रिलायबल आहे, पण ॲक्युरेट नाही. सातत्य आणि अचूकपणा या दोन गोष्टी मराठीतही ‘विश्वासार्ह’ या एका शब्दाखाली झाकल्या जातात, तेव्हा तांत्रिक मजकूर लिहिणाऱ्यांनी इथे विशेष जपावे.

शब्दांची ही ढिलाई किती महागात पडू शकते, याचे एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. 1951 मध्ये अमेरिकेच्या सीआयएने युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असल्याचा अंदाज वर्तवला. तो अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शर्मन केंट यांनी नंतर आपल्याच सहकाऱ्यांना विचारले की या शब्दांतून तुम्हाला किती शक्यता अभिप्रेत होती, तेव्हा उत्तरे वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आली. एकाच अहवालावर एकमत झालेली ही माणसे होती. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने म्हणूनच शब्दांना आकडे बांधून दिले आहेत: ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान 90 आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे 99 टक्के किंवा अधिक. तापमानवाढीला माणूस कारणीभूत आहे, या जवळपास एकाच विधानापुढे त्यांनी 2001 मध्ये ‘लाइकली’, 2007 मध्ये ‘व्हेरी लाइकली’, 2013 मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ असे शब्द लावले आणि 2021 मध्ये ते ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निःसंशय, या शब्दावर आले. पुरावा वाढला तसा शब्द चढत गेला, आणि त्याला वीस वर्षे लागली.

आपल्याकडे स्पोकन इंग्लिशच्या वर्गांतून नेमके उलटे शिकवले जाते. कॉन्फिडन्स म्हणजे आवाज चढवणे, ‘मे बी’ आणि ‘प्रॉबॅबली’ टाळणे, मुलाखतीत प्रत्येक उत्तराला ‘डेफिनेटली’ जोडणे. मला हे मनापासून अमान्य आहे. ज्याला ‘प्रॉबॅबली’ योग्य जागी म्हणता येते, त्याचे ‘सर्टन्ली’ ऐकणाऱ्याला खरे वाटते.

आणि आपली भाषा या बाबतीत किती समृद्ध आहे! ‘तो घरी असेल’, ‘घरी असावा’, ‘घरीच असणार’, ‘घरी आहेच’ आणि ‘घरी आहे म्हणे’ ही पाच वाक्ये कोणतीही आजी व्याकरण न शिकता अचूक जागी वापरते. ‘असावा’मध्ये खुणांवरून बांधलेला अंदाज आहे, ‘म्हणे’मध्ये ऐकीव माहितीची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवली आहे, आणि एका ‘च’मध्ये अख्खा ‘डेफिनेटली’ मावतो. इंग्रजीतले ‘मे’, ‘मस्ट’ आणि ‘अपॅरंटली’ यांच्याकडे या वाटेने गेले तर ते परके वाटत नाहीत. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, हे ज्या भाषेने म्हणून ठेवले आहे, तिला कॉन्फिडन्स आणि सर्टन्टी यांतला फरक नव्याने काय समजवायचा?

त्या पत्रावर आम्ही तासभर बसलो. त्याच्या पिशवीत फवारणीच्या नोंदींची वही होती. कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती, हे सारे वडिलांच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते. मी म्हटले, “तुझा भरवसा या वहीवर आहे ना, मग तेच लिही.” नव्या पत्रात शेवटच्या फवारणीची तारीख आली, सँपल दिल्याची तारीख आली, आणि या नोंदींच्या आधारे माल निकषांत बसेल याविषयी आम्ही ‘कॉन्फिडन्ट’ आहोत, असे एकच वाक्य आले. “सर, शुअर कुठेच नको?” त्याने जरा नाराजीने विचारले. मी नको म्हणालो. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, तेव्हा त्याने मला न विचारता दोन ओळींचे दुसरे पत्र पाठवले, आणि त्यात ‘कन्फर्म’ हे क्रियापद पहिल्यांदा वापरले.