परदेशी निघालेल्या आईबापांची दिशाभूल करणारे सात मुद्दे

‘लहान मुलांना घेऊन परदेशी राहायला जाताय? हे सात नियम पाळा, मुलं सुरक्षित राहतील’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो आधीही आला होता आणि मी तो न बोलता पुसून टाकला होता. मग तो भाचीने पाठवला. तिला दीड वर्षाची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे, नवऱ्याची बदली झाली आहे, पुढच्या महिन्यात सगळे निघणार. मेसेजखाली तिची ओळ होती, ‘मावशी, दुसरा मुद्दा वाचून आम्ही चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट नक्की केला.’ हे वाचल्यावर गप्प बसणं मला शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, जागतिक शांततेच्या यादीत पहिल्या विसांत असलेला देश मुलांसाठी सुरक्षित. दोन, घर उंचावरच घ्या, म्हणजे चोर आणि मुलं पळवणारे पोहोचत नाहीत. तीन, कार सीट, म्हणजे गाडीत मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायची छोटी खुर्ची, हा कंपन्यांचा धंदा आहे, आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही. चार, श्रीमंत देशांत रोगराई नाही, लशींचं बघायला नको. पाच, औषधं घरूनच भरून न्या आणि नेहमीच्या मापाने द्या. सहा, तिकडे दवाखान्यात मुलाच्या अंगावर वळ दिसला की सरकार मूल उचलून नेतं, म्हणून लहानसहान गोष्टींसाठी जाऊ नका. सात, पाच वर्षांच्या आतलं मूल दोन महिन्यांत रुळतं, त्याची काळजी नको.

पहिल्या मुद्द्यातली यादी खरी आहे. तिला जागतिक शांतता निर्देशांक म्हणतात आणि आइसलँड २००८ पासून तिच्यात पहिला आहे. पण ती यादी कशावरून बनते हे मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं दिसत नाही. तिच्यात २३ निकष आहेत. खून आणि हिंसक गुन्हे आहेत, तसाच लष्करावरचा खर्च आहे, शस्त्रांची आयात-निर्यात आहे, शेजारी देशांशी संबंध कसे आहेत हेही आहे. रस्ता, पाणी, खिडकी, लस यांतलं काहीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या रस्ते सुरक्षा अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. त्याच संघटनेच्या २०२४ च्या अहवालात बुडून मेलेल्यांचा आकडा वर्षाला सुमारे ३ लाख आहे, आणि त्यांतली जवळपास चौथा हिस्सा मुलं पाच वर्षांखालची आहेत. लहान मूल घेऊन जाणाऱ्याने आधी हे बघायचं असतं. घरासमोरचा रस्ता ओलांडायची सोय काय, गाड्या किती वेगाने जातात, इमारतीच्या तलावाला चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक आहे का. फ्रान्सने तर खाजगी तलावांना सुरक्षा साधन बसवण्याचा कायदा २००३ मध्येच केला.

गुन्ह्यांचा विचारच करू नका असं मी म्हणत नाही. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, त्यामुळे त्या देशाबद्दलची भीती पोकळ नाही. पण तिथेही आईबापांना रोज उपयोगी पडेल असा प्रश्न वेगळाच आहे. मूल ज्या घरी खेळायला जातं त्या घरात बंदूक आहे का, आणि असली तर ती कुलपात आहे का? हा प्रश्न विचारायला लाजू नये.

आता दुसरा मुद्दा. दीड वर्षाच्या मुलीसाठी खरा धोका चोर नसतो, खिडकी असते. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. काठावरून वाकलेलं मूल डोक्याच्या बाजूला कलंडतं, आणि स्वतःला मागे ओढून घेण्याची ताकद त्याच्या हातांत नसते. डासांसाठी लावलेली जाळी मुलाचं वजन पेलत नाही. ती चौकटीत नुसती बसवलेली असते, जोर पडला की निघते. तरीही जाळी दिसली की आईबाप निर्धास्त होतात. खिडक्यांना गज असलेल्या घरातून आलेल्यांचं तर या धोक्याकडे लक्षच जात नाही, कारण त्यांना तो कधी दिसलेलाच नसतो.

न्यूयॉर्क शहरात सत्तरच्या दशकात मुलं इमारतींच्या खिडक्यांतून पडून मरत होती. शहराच्या आरोग्य खात्याने ‘चिल्ड्रन कान्ट फ्लाय’ नावाची मोहीम काढली, घरोघरी माणसं पाठवली, खिडक्यांसाठी गज दिले. मग १९७६ मध्ये नियमच झाला. तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीत दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल, तर घरमालकाने खिडक्यांना गज बसवलेच पाहिजेत. आगीच्या वेळी बाहेर पडायची खिडकी तेवढी वगळून. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०१८ पासून अपार्टमेंटच्या उंचावरच्या खिडक्या १२.५ सेंटिमीटरहून जास्त उघडणार नाहीत अशी कळ बसवणं सक्तीचं आहे. मुलं गमावल्यावर शहरांनी हे नियम केले, आणि हा मेसेज आईबापांना नेमका त्याच्या उलट सल्ला देतो. मला चीड येते ती याची.

त्यात घर बदलण्याचे पहिले आठवडे सगळ्यात वाईट. खोकी खिडकीखाली रचलेली असतात, पलंग खिडकीला टेकवलेला असतो, बंद घराला वारा लागावा म्हणून सगळं उघडं टाकलेलं असतं आणि मोठी माणसं प्रवासाने थकून गेलेली असतात. मुलाला मात्र प्रत्येक कोपरा नवा असतो. गॅलरीत एसीचं युनिट किंवा एखादी खुर्ची कठड्याजवळ असली की चढायला पायरी मिळाली. भाड्याच्या घरातली ड्रॉवरची उंच कपाटंही भिंतीला जखडलेली आहेत का ते बघायला हवं. खालचे ड्रॉवर उघडून मूल त्यांवर चढतं आणि कपाट अंगावर येतं. अशी कपाटं उलटू नयेत म्हणून अमेरिकेने २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे.

भाचीला मी फ्लॅट सोडायला सांगितलेलं नाही. उंचावर राहता येतं. घर दाखवणाऱ्याला विचारायचं, खिडकी किती उघडते, कठड्याला चढता येतील अशा आडव्या पट्ट्या आहेत का, आणि रोखणारी कळ बसवून मिळेल का. मिळणार असेल तर तसं भाडेकरारात लिहून घ्यायचं. कळ अशी हवी की मोठ्या माणसाला आगीच्या वेळी ती झटकन काढता येईल.

याच मुद्द्यातल्या ‘मुलं पळवणाऱ्यां’बद्दल एवढंच सांगते. अमेरिकेतल्या सरकारी अभ्यासानुसार २०११ मध्ये परक्या किंवा जेमतेम ओळखीच्या माणसाने मूल पळवून नेल्याच्या गंभीर घटना साऱ्या देशात १०५ च्या आसपास होत्या. मुलाला घेऊन जाणारा बहुतेक वेळा घरचाच असतो, आई किंवा बाप. त्यासाठीच १९८० चा हेग करार आहे. दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय १६ वर्षांखालचं मूल एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशात नेलं, तर ते साधारणपणे परत पाठवावं लागतं, आणि मूल कुठलं हे त्याच्या पासपोर्टवरून नाही, त्याच्या नेहमीच्या वास्तव्यावरून ठरतं. संसारात आधीच ताण असेल तर निघण्यापूर्वी वकिलाशी बोलावं. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

गाडीत बाळाला मांडीवर घेण्याचा तिसरा मुद्दा शाळेतल्या गणितापुढेही टिकत नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन उचलण्याइतकं बळ लागतं. कुठल्याही आईच्या हातात ते नसतं, तिचं प्रेम कितीही असो. आईने पट्टा लावलेला नसेल तर तिचंच वजन बाळावर येतं. योग्य सीट वापरल्यास तान्ह्या बाळांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत टळू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमध्ये टॅक्सीत सीट नसेल तर लहान मुलाला तसंच मागे बसवायची सूट कायद्यात आहे. सूट कायद्याची आहे, धडकेची नाही. मान्य करण्यासारखी एकच गोष्ट आहे की घरची सीट दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. युरोपात आर १२९ मानक आहे, अमेरिकेचं वेगळं, आणि कॅनडात तिथला सुरक्षा शिक्का नसलेली सीट नियमात बसत नाही. तेव्हा तिथली घ्या, पण अपघातातून गेली आहे का हे माहीत नसलेली जुनी सीट घेऊ नका.

लशींबद्दल फार लिहायची गरज नाही. श्रीमंत कॅनडाने १९९८ पासून टिकवलेला गोवरमुक्त देशाचा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला. गोवराचा पहिला डोस काही देशांत नवव्या महिन्यात देतात, काहींत वर्ष झाल्यावर. या मधल्या फटीत आपलं मूल सापडतं का, हे निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि तारखांसह लसपत्रक हातसामानात ठेवा.

औषधांच्या मुद्द्यात ‘नेहमीच्या मापाने’ हे दोन शब्द घातक आहेत. तापाचं पॅरासिटामॉल सिरप सगळीकडे सारखं नसतं. ५ मिलिलिटरमध्ये कुठे १२० मिलिग्रॅम असतं, कुठे १६०, कुठे २५०, आणि थेंबांच्या बाटलीत याहून कितीतरी दाट. अमेरिकेत त्याचं नावही ॲसिटामिनोफेन आहे. घरची बाटली संपली, तिथली आणली आणि चमचा तोच ठेवला, तर डोस दुप्पट होऊ शकतो, आणि जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृत निकामी करतं. आपल्या मुलाच्या वजनाला किती मिलिग्रॅम, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि नव्या बाटलीवरून मिलिलिटर मोजा.

सातवा आधी संपवते. लहान मुलं भाषा लवकर उचलतात हे खरं. पण ती उचलेपर्यंतचे महिने मूल पाळणाघरात ‘पोट दुखतंय’ म्हणू शकत नाही. ॲलर्जी असेल तर ती तिथल्या भाषेत लिहून द्या, आणि तातडीचा नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा. युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये रुग्णवाहिकेला ११९.

राहिला सहावा, आणि तो दुसऱ्याइतकाच वाईट आहे. सरकारने मुलांना ताब्यात घेण्याच्या घटना घडतात, काही वेळा अन्यायानेही घडतात. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१९ मध्ये नॉर्वेने एका कुटुंबाच्या हक्काचा भंग केल्याचा निकाल दिला आहे. मुलाला मारणं स्वीडनने १९७९ मध्ये बेकायदा ठरवलं आणि त्यानंतर साठहून अधिक देशांनी. म्हणून जाण्याआधी तिथला कायदा वाचा आणि मुलावर हात उगारायचा नाही हे घरात ठरवून टाका. पण या भीतीपोटी डोक्यावर पडलेल्या मुलाला दवाखान्यात न नेणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. मूल पडल्यावर उलट्या करत असेल, गुंगीत जात असेल, तर लगेच न्या. उशिरा नेल्याने संशय कमी होत नाही, उलट ‘इतका वेळ का थांबलात’ हा प्रश्न उभा राहतो. घडलं तसं सांगा, दुभाषी मागा, कागदांच्या प्रती घ्या. आणि प्रकरण पुढे गेलंच तर वकिलासोबत आपल्या दूतावासाला कळवा. परदेशी नागरिक असलेल्या मुलासाठी कायदेशीर पालक नेमायची वेळ आली, तर त्याच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला विनाविलंब कळवणं १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३७ नुसार मूल राहतं तिथल्या सरकारवर बंधनकारक आहे. दूतावासाचा नंबर मुलांच्या पासपोर्टांच्या प्रतींसोबत ठेवा.