झांकी कुठून पाहावी? रामबागेतल्या ओट्यावरचा वाद

अनंत चतुर्दशी जवळ आली की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओट्यावर एकच प्रश्न पेटतो: चल समारोह, म्हणजे झांक्यांची, ट्रॉलीवरच्या रोषणाईच्या देखाव्यांची रात्रीची मिरवणूक, कुठून पाहायचा? या वेळी सुरुवात भाऊंनी केली, आणि भाऊंचे मत ओट्याला तोंडपाठ आहे. झांकी पाहावी ती राजवाड्यासमोरच, कारण मागे सात मजली वाडा, त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, आणि समोरून रोषणाई सरकत येते आहे, असे दृश्य अन्यत्र मिळणार नाही. हे सांगताना भाऊ उभे राहतात, उजवा हात राजवाड्याच्या दिशेने उगारतात आणि मल्हाररावांनी वाडा बांधायला घेण्यापूर्वी जणू भाऊंचा सल्ला घेतला होता, अशा थाटात सर्वांकडे पाहतात.

अक्कांनी त्यांना पुरते बोलू दिले आणि मग विचारले, "भाऊ, मागच्या वर्षी तुम्ही तिथून किती झांक्या पाहिल्या?"

भाऊ म्हणाले की गर्दी फार होती, पुढे एक उंच गृहस्थ उभे होते आणि मंचावरची भाषणे लांबली.

"म्हणजे तुम्ही वाडा पाहून आलात," अक्का म्हणाल्या. "तो रोज तिथेच असतो."

अक्कांचे वडील झांकी काढणाऱ्या हुकुमचंद या कापड मिलमध्ये कामाला होते, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द मला नेहमीच वजनदार वाटतो. त्यांचे म्हणणे असे की मिरवणुकीला वळण घ्यावे लागते तिथेच उभे राहावे, म्हणजे जेल रोड सुरू होतो त्या चिकमंगलूर चौराह्यावर. सरळ रस्त्यावर झांकीची एकच बाजू दिसते आणि ती पुढे निघून जाते. वळणावर ट्रॅक्टरला वेग कमी करून मोठा फेर घ्यावा लागतो, त्यामुळे समोरचा देखावा, बाजूची हलती चित्रे आणि मागचा भाग असे सगळे एकाच जागेवरून पाहता येते. चौकात जागा मोकळी असल्याने आखाड्यांचे पठ्ठेही तिथे लाठी आणि पट्टा मन लावून फिरवतात. शिवाय भंडारी मिलकडून निघालेली मिरवणूक इथवर येते तेव्हा रात्र फारशी झालेली नसते. नंतर कृष्णपुरा, जवाहर मार्ग, नृसिंह बाजार, सीतलामाता बाजार आणि खजुरी बाजार ओलांडून ती राजवाड्याला पोचेपर्यंत लहान मुले खांद्यावरच झोपी गेलेली असतात.

वकीलसाहेबांनी नेहमीप्रमाणे सीतलामाता बाजारातली आपल्या सासुरवाडीची गॅलरी पुढे केली. तिथे धक्काबुक्की नाही, चहा हातात मिळतो आणि उंच झांकी थेट डोळ्यांसमोर येते. या गॅलरीचा इतिहास ओट्यावर सर्वांना ठाऊक आहे: एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना सहकुटुंब बोलावले आणि आम्ही पोचलो तेव्हा पुढच्या साऱ्या खुर्च्यांवर त्यांचे मेव्हणे बसलेले होते. अक्का एवढेच म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमच्या गॅलरीतून आम्हाला तुमच्या मेव्हण्यांची टकलेच दिसली." माझा आक्षेप मात्र गंभीर आहे. जुन्या बाजारातल्या लाकडी गॅलऱ्या इतक्या माणसांचा भार घेण्यासाठी बांधलेल्या नाहीत, आणि दरवर्षी त्यांवर माणसे दाटीने उभी राहिलेली पाहून माझा जीव खालीवर होतो. अरुंद रस्त्यात खाली उभ्या असलेल्या माणसालाही मान वर करून झांकीचा तळच पाहावा लागतो.

वकीलसाहेबांच्या भाच्याने सुचवले की आजकाल सगळे फोनवर थेट दिसते, तेव्हा घरी बसूनच पाहावे. "फोनमध्ये ढोल छातीत वाजत नाही रे बाळा," अक्का म्हणाल्या, आणि त्या मुलाने फोन खिशात ठेवला.

मला अक्कांची जागा पटते त्याला वळणापलीकडचे एक कारण आहे. खजराणा गणेश मंदिराची झांकी असते, महापालिकेची आणि विकास प्राधिकरणाचीही असते, पण या रात्रीला खरा मान आहे तो हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या मिलच्या झांक्यांचा. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. तिथल्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकलेल्या देण्याचा, म्हणजे सुमारे 224 कोटी रुपयांचा, प्रश्न डिसेंबर 2023 मध्ये सुटला. मधल्या तीन दशकांत भोंगा वाजला नाही, पण वर्गणी आणि मदत गोळा करून कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी झांकी काढली. ट्रॉली वळते तेव्हा ती माणसे आपल्या अगदी जवळून जातात: बांबूने विजेच्या तारा उचलून धरणारी, जनरेटरवर लक्ष ठेवणारी, अडलेल्या पुतळ्याचा हात पुन्हा हलता करणारी. झांकी पाहायला जाऊन त्यांना न पाहता परत येणे मला अपुरे वाटते, आणि राजवाड्याच्या गर्दीत नेमके तेच होते.

हे मी बोललो तेव्हा ओटा क्षणभर गप्प झाला. मग भाऊंनी घसा साफ केला आणि चिकमंगलूर चौराहा मान्य केला, मात्र दोन अटींवर: मिरवणूक पाहून झाल्यावर सराफ्यात, म्हणजे सराफांच्या बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस खायचा, आणि त्यांना उभे राहायला उंच स्टूल हवे.

"तुमचे स्टूल होते ना?" अक्कांनी विचारले.

"ते वकिलांनी मोडले," भाऊ म्हणाले. वकीलसाहेबांनी तत्काळ हरकत घेतली की स्टुलाचा एक पाय आधीपासूनच सैल होता आणि आपण त्यावर बसलो हा केवळ योगायोग. भाऊंनी साक्षीदार मागितला, वकिलांनी स्टूल हजर करण्याची मागणी केली, आणि ते स्टूल गेली कित्येक वर्षे आपल्याच घरी देव्हाऱ्याखाली आहे असे अक्कांनी सांगताच दोघेही एकदम त्यांच्याकडे वळून भांडू लागले.