‘पळून पळून नडगी तयार होते’: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नडगीच्या दुखण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “मॅडम, विश्रांती घ्या म्हणणं सोपं आहे. माझं पोलीस भरतीचं ग्राउंड सहा आठवड्यांवर आलंय. अकॅडमीतले सर म्हणतात, शिन पेन सगळ्यांनाच होतं, पळून पळून नडगी तयार होते. अविनाश साबळे काय भारीतले बूट घालून मोठा झाला का?”

यातली एक गोष्ट तुमची बरोबर आहे, ती आधी मान्य करते. तो लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हौसेनं पळणारी माणसं होती. त्यांना या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी पळता येतं. तुमच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीत, १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तरच २० पैकी २०, आणि एकेका मार्कानं मेरिट हुकतं. अशा माणसाला नुसतं ‘थांबा’ सांगणं अपुरं होतं.

पण सरांचं वाक्य अर्धंच खरं आहे. हाड जिवंत असतं. नवा ताण पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरायला दोन-तीन आठवडे लागतात, भरून घट्ट व्हायला तीन-चार महिने. म्हणजे सराव सुरू केल्यावर महिन्याभरात तुमचा दम वाढलेला असतो आणि नडगीचं हाड मात्र आधीपेक्षा कच्चं असतं. छाती म्हणते पळ, हाडाला ते सोसत नाही. आणि आपल्याकडे नेमकं याच वेळी भरतीची जाहिरात निघते, डांबरीवर राऊंड दुप्पट होतात. धावपटू अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर चालत-पळत जायचे, पुढे सैन्यात गेले, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. त्यांच्या नडगीला तयार व्हायला वर्षं मिळाली. तुम्ही सहा आठवड्यांत तेच मागताय.

आता तुमच्या पायाकडे येऊ. खाटेवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. घोट्याच्या आतल्या हाडापासून अंगठा नडगीच्या आतल्या कडेनं दाबत दाबत वर न्या. चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात सगळीकडे सारखंच ठणकत असेल, पळायला सुरुवात करताना जास्त दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते शिन पेन. हे बरं होतं. पण अंगठा एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर गेला की जीव कळवळत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्यायची. नडगीच्या पुढच्या धारेवर मधोमध अशी जागा असेल तर एक दिवसही वाट बघू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि पळताना पोटरी दगडासारखी होऊन पावलाला मुंग्या येत असतील, थांबल्यावर थोड्या वेळात सगळं निवळत असेल, तर तो तिसराच आजार आहे, तोही दाखवावा लागतो.

एक्स-रेवर विसंबू नका. माझ्याकडे एक मुलगी आली होती, ८०० मीटरची तयारी करणारी. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून अकॅडमीत तिला परत पळवलं, रोज स्प्रे मारून आणि गोळी देऊन. चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेवर बहुतेकदा दिसतच नाही. तिसऱ्या आठवड्यात ती जिना उतरताना कठडा धरायला लागली, तेव्हाच्या फिल्मवर रेघ स्पष्ट होती. तिचं त्या वर्षीचं ग्राउंड गेलं. तिला सहा महिन्यांत एकदाच पाळी आली होती, हे कोणी विचारलंच नव्हतं. मेसचं अर्धपोट जेवण आणि दोन वेळा सराव, यातून मुलींची पाळी थांबते आणि हाडंही कच्ची होतात. ताई वाचत असाल तर ही गोष्ट लपवू नका. गोळीनं फक्त दुखणं झाकलं जातं. बर्फाचंही तेच, दुखणं थोडं शमवतो, बाकी काही करत नाही.

तुमचं दुखणं पट्ट्याचं असेल असं धरून सहा आठवड्यांचं सांगते. पहिले दहा दिवस पळणं पूर्ण बंद. सराव बंद नाही. सायकल दामटा. पोहता येत असेल आणि सोबत कोणी असेल तर विहिरीत खांद्यापर्यंत पाण्यात राहून जागच्या जागी पळण्यासारखे पाय मारा. एवढं केलंत तर दहा दिवसांत दम फारसा उतरत नाही. गोळाफेकीचे १५ मार्क आहेत, उभ्यानं फेकण्याची लकब या दिवसांत बसवून घ्या. रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा, एकदा गुडघे सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवलेला प्रकार सगळे सोडतात, पण आतली पोटरी त्यानंच भरते.

अर्धा तास झपाझप चालून नडगी गप्प राहिली की एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं दहा वेळा, दिवसाआड आणि मुरमाच्या मैदानावर. पावलं छोटी आणि भरभर टाका, लांब ढांग टाकून टाच आपटू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या पावलाला कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर एक पायरी मागे यायचं. १०० मीटरचे स्पर्धेच्या वेगाचे राऊंड सगळ्यात शेवटी.

बुटांबद्दल तुमचा राग समजतो. भारीतले नकोतच. पण टाच एका बाजूला झिजलेला, तळ कडक झालेला जोड बदला, आत मऊ सोल टाका. सोलचा थोडाफार उपयोग झाल्याचं दिसलंय. अकॅडमीत अर्धा तास स्ट्रेचिंग करून घेतात, त्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात १५३८ नव्या जवानांवर हे तपासलं होतं. व्यायामाआधी स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या आणि न करणाऱ्यांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, मुळात ज्यांचा दम कमी होता ते जास्त जखमी झाले.

आता अंगठा फिरवून बघा आणि खाली लिहा : पट्टा आहे की एकच जागा, रात्री दुखतं का, ग्राउंडची तारीख काय. तुमच्या तारखेप्रमाणे आठवडे मांडून देते. सर स्वतः वाचणार असतील तर त्यांच्याशीही बोलायला मी तयार आहे.