मोडीत घालायच्या आधी हे वाच भो

दोन दिवसांपासून आमच्याकडच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. शेतात जुनं तांब्या-पितळेचं काही सापडलं तर सांगू नका, सरकार शेत जप्त करतं. सोनं-चांदी नसेल तर किंमत शून्य. चिंचेने घासून घरात ठेवा, नाहीतर मोडीत घाला.

शेत जप्तीचं आधी, कारण खरी भीती तीच. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा कायदा (इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट) 1878चा, 10 रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय, कुठे, कधी. शेत जप्त करायचं कलमच नाही त्यात. उलट कोणाचा हक्क निघाला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची, रान दुसऱ्याचं असेल तर चारातले तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक मालकाचा, सरकारला हवी असेल तर धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा मोजून घेतं. लपवलं तर मात्र वर्षापर्यंत कैद, आणि मेसेजवाला नेमकं तेच करायला सांगतोय! आता हक्कदारांसाठी 4 ते 6 महिन्यांची नोटीस, हेलपाटे, हे खरंय, आणि एखादं जुनं घुंगरू निघालं तर त्याचे पैसे चहाचेही निघायचे नाहीत.

किंमत शून्य? नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं खोड खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले, सगळे मिळून 60 किलोच्या वर. तरी ते कोणत्या काळाचे यावर वाद झालेच, कारण ते उत्खननात थरातून निघाले नव्हते. मग तुमच्या जोडव्याची, शेंबीची (काठीच्या टोकाच्या धातूच्या टोपणाची) जागाच कोणी लिहिली नाही तर ते नुसतं पितळ. त्यात आपल्याकडे धाब्याच्या घराच्या मातीच्या छपरावर टाकायला पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती आणतात, म्हणजे वस्तू घरात सापडली तरी मूळची गावाबाहेरच्या टेकाडाची असू शकते, तेही लिहा. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावी 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापरांनी खणलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे थर निघाले, तशी टेकाडं तापीकाठी अजून आहेत.

चिंच तर अजिबात नको. जुन्या तांब्या-पितळेवरचा हिरवा थर म्हणजे धातूच बदललेला असतो, नक्षी बहुतेक त्यातच असते.

सापडलं की एवढी नोंद ठेवा: एक रुपयाचं नाणं शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो, सोनाराच्या काट्यावर वजन, गट नंबर, ठिबकच्या चारीत किती खोल होतं, तारीख. बस. फक्त लोकेशन ग्रुपवर टाकू नका, रात्री मेटल डिटेक्टर घेऊन येणारेही त्याच ग्रुपात असतात.