डोळे मिटल्यान, निजाक नाय

काल कुडाळात एक साहेब मला म्हणाले, "अहो, लॅपटॉप घरून चार्ज करून आणायचा ना!" केला होता हो. १०० टक्के.

त्याआधी मालवणहून एसटीने निघालो, तर चौके यायच्या आतच मांडीवरची बॅग गुरगुरायला लागली. मी दुर्लक्ष केलं. शेजारच्या आजोबांनी केलं नाही.

"झिला, पिशयेत काय आसा?"

"लॅपटॉप."

"जिवंत आसा?"

पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून टोपली आपल्याकडे ओढली. मी म्हटलं, "तसं नाही आजोबा, आतला पंखा फिरतोय. लॅपटॉप झोपलाय."

आजोबांनी बॅगेवर तळहात ठेवला, नातवाच्या कपाळावर ठेवावा तसा. "मेल्या, आंगार ताप आसा हेच्या! निजलेल्याचो असो पंखो फिरता? हेना नुसते डोळे मिटल्यान. निजाक नाय."

तीन रात्री जागून मला जे कळलं ते आजोबांनी एका हाताने ओळखलं. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स आहे. लिनक्सवर जुनी झोप होती 'एस-थ्री': रॅमपुरती वीज चालू, बाकी सगळं गार. नवीन झोप 'एस-टू-आयडल'. तिच्यात यंत्र तसं जागंच, फक्त निवांत बसायचं असतं. आणि एखाद्या ड्रायव्हरने (एसटीचा नव्हे, यंत्राचा एकेक भाग चालवणारा प्रोग्राम) चुळबुळ केली की तेही होत नाही. जो तो मला सांगतो, 'कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डीप म्हणून सांग, एस-थ्री मिळेल.' सांगितलं की! पण लॅपटॉप बनवणाऱ्यांनी फर्मवेअरमधून, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या प्रोग्राममधून, एस-थ्रीच काढून टाकलेली. फणसाला हापूस मागण्यातला प्रकार. आणि मग लोक वर तोंड करून म्हणतात, लिनक्स वापरलं की असंच होतं. म्हणजे चोर राहिला बाजूला.

त्यात बिनतारी माउस बाजूच्या कप्प्यात, त्याचं रिसीव्हरचं बोंडूक लॅपटॉपच्या यूएसबीत. 'कोणाकोणाला उठवायची मुभा आहे' अशी एक यादी असते, तिच्यात एक्सएचसी म्हणजे यूएसबी. त्याची मुभा मी काढतो, रीस्टार्ट झाला की ती परत हजर. बाकी खड्ड्यांचं काम. एकेक खड्डा म्हणजे माउसला धक्का, आणि माउस म्हणजे लॅपटॉपला, 'ऊठ रे बाबा!' बरं, उठून तोंड तरी दाखवावं? पंखा सुरू, पडदा काळा. बटण दाबून जीव घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

हे सगळं मी आजोबांना सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"उकड्या तांदळाची पेज दी तेका. गपगार निजतलो."

एवढं बोलून त्यांनी मान मागे टाकली आणि दोन मिनिटांत स्वतः झोपले. धामापूरला गाडी अशी आपटली की माझी दाढ दुखली. आजोबा ढिम्म. कंडक्टरने कोणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून तारस्वरात भांडण काढलं. आजोबा ढिम्म. कोंबडीवाला चढला, कोंबडी ओरडली, तरीही नाही.

नेरूरपार यायला एक वळण राहिलं, आणि कोणी हाक न मारता आजोबांनी डोळे उघडले. छत्री उचलली, धोतराचा सोगा सावरला, उठले. एक सेकंद लागला नसेल.

जाता जाता त्यांनी बॅगेला हात लावून बघितला.

"अजून जागोच आसा रे."